बळ, उजेड आणि करंट : शाळेतल्या विज्ञानाला घरच्या भाषेचं वावडं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)

विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल की आज मराठी परिभाषेची उणीदुणी निघणार. ती थोडी निघतीलच, पण नेहमीची तक्रार मी करणार नाही. नेहमीची तक्रार आपल्याला तोंडपाठ आहे : विज्ञानाचे मराठी शब्द जड आहेत, संस्कृताळलेले आहेत, मुलांच्या जिभेवर बसत नाहीत. परावर्तन, अपवर्तन, विवर्तन, अपस्करण, विकिरण. इतके उपसर्ग एकापाठोपाठ आले की मुलगा प्रकाश विसरतो आणि उपसर्ग पाठ करतो. (हशा) ही तक्रार खोटी नाही. पण ती वरवरची आहे असं मला वाटतं.

माझं म्हणणं असं आहे की कठीण शब्दानं मुलांचं फारसं बिघडत नाही. ‘अपस्करण’ हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की हे आपल्याला माहीत नाही. मग ती विचारते, नाहीतर निदान पाठ करते. नुकसान करतात ते सोपे शब्द. बल, कार्य, शक्ती, वजन, प्रकाश, वीज. हे शब्द ती घरून घेऊन आलेली असते. त्यांचे अर्थ घरीच ठरलेले असतात. शाळा त्या अर्थांची चौकशी करत नाही. त्यांच्या शेजारी दुसरा अर्थ आणून ठेवते आणि पुढं जाते. मग दोन अर्थ दोन खोल्यांत राहतात. परीक्षेच्या दिवशी एक बाहेर येतो, उरलेले तीनशे चौसष्ट दिवस दुसरा.

यावर ‘भाषा सोपी करा’ हा उपाय पुरत नाही. घरची भाषा वर्गात आणायची, तिच्याशी भांडायचं आणि तिचीच मदतही घ्यायची, हा उपाय आहे. कारण गंमत अशी की जी भाषा फसवते तिच्यातच सोडवणारे शब्द असतात. आपली पुस्तकं दोन्हींकडे पाहत नाहीत. तीनचार उदाहरणांवरून हे बघू.

पहिलं उदाहरण बलाचं. घरात आपण ‘बल’ म्हणत नाही, ‘बळ’ म्हणतो. अंगात बळ असतं. तापातून उठल्यावर हळूहळू बळ येतं. बळी तो कान पिळी. या सगळ्या वापरांत बळ कुणाच्या तरी मालकीचं आहे. पैलवानाकडे जास्त, लेकराकडे कमी. ते साठतं, खर्च होतं, संपतं. भौतिकशास्त्रातलं बल असं नाही. ते कुणाच्याही अंगात नसतं. ते दोन वस्तूंच्या मधला व्यवहार असतं; एका वस्तूनं दुसरीवर केलेली क्रिया. वस्तू एकटीच असेल तर बलाचा प्रश्नच येत नाही. म्हणजे अर्थ जवळजवळ उलटा झाला. आणि आपण काय केलं? ‘ळ’चा ‘ल’ केला आणि परिभाषा तयार झाली असं समजलो.

याचा परिणाम बघायचा असेल तर विज्ञानात उत्तम गुण मिळवणाऱ्या एखाद्या मुलाला विचारा : चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटला, अजून वर चाललाय. आत्ता त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? तो सांगेल, ‘हातानं दिलेलं बल वरच्या दिशेनं, गुरुत्वाकर्षण खालच्या दिशेनं. हाताचं बल संपलं की चेंडू खाली येतो.’ या मुलाला ‘बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण’ पाठ आहे. त्यावरची गणितं तो बिनचूक सोडवतो. पण चेंडूकडे बघताना तो बल नव्हे, बळ बघतोय. हातानं चेंडूत बळ भरलं, ते वाटेत खर्च झालं. खरं तर हातातून सुटल्यावर चेंडूवर गुरुत्वाकर्षण आहे आणि हवेचा थोडा विरोध आहे. तिसरं काही नाही.

हा मुलगा मठ्ठ नाही, हे लक्षात घ्या. तो मोठ्या लोकांच्या पंगतीत बसलाय. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी प्रशस्तपादांनी वैशेषिक दर्शनाची मांडणी केली. तिच्यात ‘संस्कार’ नावाचा एक गुण आहे आणि त्याचे तीन प्रकार आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. धनुष्यातून सुटलेला बाण पुढं का जातो? तर त्याच्यात वेग हा संस्कार असतो म्हणून. तो संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. युरोपात चौदाव्या शतकात ब्युरिदाननं याच्या जवळचाच विचार मांडला. आपल्या मुलाचं उत्तर हेच आहे.

आता गंमत बघा. आपल्या परिभाषेत ‘वेग’ हा शब्द आहे, ‘स्थितिस्थापकता’ आहे, ‘गुरुत्व’ आहे, ‘द्रव्य’ आहे. हे सगळे शब्द त्या जुन्या दर्शनांमध्ये वापरलेले. शब्द घेतले, त्यात वाईट काही नाही. पण शब्दाला इतिहास आहे, त्याचा अर्थ वाटेत बदललाय, का बदलला याचा एक मोठा वाद झालाय, हे सगळं आपण पुसून टाकलं. बाण का पडतो याविषयी इथं विचार झाला होता आणि पुढं तो मागं टाकावा लागला, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी नाही का? आपल्याकडे एक तर ‘आमच्या ऋषींना सगळं माहीत होतं’ असं भाषण असतं, नाहीतर पूर्ण शांतता. दोन्हींत विज्ञान नाही.

मग मदत कुठून मिळेल? मराठीच्याच क्रियापदांकडून. ‘बल’ हे नाम आहे. नाम आलं की मालक आला. त्याऐवजी ‘ढकलणं’ आणि ‘ओढणं’ घ्या. ‘ढकलतं’ म्हटलं की लगेच दोन प्रश्न उभे राहतात : कोण ढकलतं? कुणाला? आता पुन्हा चेंडूकडे बघा. चेंडू हवेत आहे. त्याला आत्ता कोण ढकलतंय? हात तर खाली राहिला. मूल इथं अडतं. पृथ्वी ओढतेय, हे पटतं. हवा थोडी अडवतेय, हेही पटतं. वर ढकलणारा कुणी सापडत नाही. मग ते चिडून विचारतं, ‘मग तो वर का जातोय?’ हा खरा प्रश्न. गॅलिलिओ आणि न्यूटन या प्रश्नापाशी पोचले आणि १६८७ साली न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’त त्याचं उत्तर आलं : चालत राहायला कुणाची मदत लागत नाही, थांबायला, वळायला, वेग बदलायला लागते. जडत्वाचा नियम पाठ असणं वेगळं आणि तो आपल्याला हवासा वाटणं वेगळं. आपलं पुस्तक मुलांना प्रश्न पडायच्या आधीच उत्तर वाढतं.

दुसरं उदाहरण प्रकाशाचं. घरात ‘प्रकाश’ हा शब्द नाही, ‘उजेड’ आहे. आणि आता ‘लाईट’ आहे, पण लाईट म्हणजे वीज. भर दुपारी बारा वाजता आपण म्हणतो, ‘लाईट गेली’. (हशा) उजेड हा खोलीत असतो किंवा नसतो. तो प्रवास करत नाही. आपण म्हणतो उजेड पडला, ऊन पडलं. आणि त्याच क्रियापदानं म्हणतो अंधार पडला, सावली पडली. मग मुलांना अंधार ही एक वस्तू वाटली, सावली ही आपल्यातून बाहेर पडलेली काळी आकृती वाटली, तर दोष कुणाचा?

त्यात डोळ्यांची भाषा. नजर टाकली. नजर पोचेल तिथवर शेत. नजर लागली, दृष्ट काढली. ही सगळी बोलणी डोळ्यांतून काहीतरी बाहेर जातं असं गृहीत धरतात. हाही अडाणीपणा नाही. युक्लिड आणि टॉलेमी डोळ्यांतून किरण निघतात असं मानत होते. आपल्या न्यायदर्शनातही डोळ्याचे किरण वस्तूपर्यंत जाऊन तिला भिडतात, असंच मत आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी कारणं देऊन उलट बाजू मांडली : वस्तूकडून प्रकाश डोळ्यांत येतो, म्हणून दिसतं.

आता पुस्तकात एक वाक्य असतं, की प्रकाशाशिवाय आपल्याला दिसत नाही. मूल मान डोलावतं. त्याला विचारा, ‘कुठूनही अजिबात उजेड येणार नाही अशा खोलीत एक तास बसलास तर समोरचा पांढरा कागद दिसेल का?’ पुष्कळ मुलं म्हणतील, ‘आधी नाही दिसणार, मग डोळे सरावले की थोडा दिसेल.’ मोठी माणसंसुद्धा म्हणतील. कारण त्यांचा अनुभवच तो आहे. रात्री लाईट गेली की आधी काही दिसत नाही, मग हळूहळू दाराची चौकट दिसते, माठ दिसतो. डोळे सरावतात हे खरंच आहे. पण ते सरावतात तेव्हा कुठून तरी थोडा उजेड येतच असतो : चांदण्यांचा, रस्त्यावरच्या दिव्याचा, शेजारच्या मेणबत्तीचा. पूर्ण अंधार आपल्यापैकी बहुतेकांनी कधी बघितलेलाच नाही. पुस्तकाचं वाक्य या अनुभवाला हातच लावत नाही. म्हणून ते खरं असूनही निरुपयोगी ठरतं.

आणि इथंही मदत घरातच आहे. मराठीत आपण दोन तऱ्हांनी बोलतो. ‘मी झाड बघतो’ आणि ‘मला झाड दिसतं’. पहिल्या वाक्यात कर्ता मी. दुसऱ्यात कर्ता झाड. मी नुसता घेणारा. प्रकाशाचं शास्त्र या दुसऱ्या वाक्यात बसलेलं आहे. झाडाकडून काहीतरी निघालं आणि माझ्याकडे आलं, म्हणून झाड मला दिसलं. मग काय आलं? कुठून निघालं? सूर्यापासून झाडाकडे, झाडाकडून डोळ्यांकडे. ‘दिसणं’ या क्रियापदावर एक तास घालवला तर परावर्तनाचा अर्धा धडा झाला. परावर्तन म्हणजे आरशातली गंमत एवढंच नव्हे. भिंत, माती, माणसाचा चेहरा, सगळं परावर्तनानंच दिसतं, हे मुलांना तेव्हा कळतं.

तिसरं, वीज. ‘हा जुना फ्रिज फार वीज खातो.’ हे वाक्य घरोघरी आहे. यातून मुलाच्या मनात जे चित्र तयार होतं ते असं : तारेतून करंट येतो, बल्ब त्यातला काही खातो, उरलेला पुढं जातो. दोन बल्ब एकामागून एक जोडले तर पहिल्याला जास्त मिळणार, दुसऱ्याला उष्टा. (हशा) ‘विद्युतधारा’ हा शब्द या चित्राला खतपाणीच घालतो. धार म्हटली की दुधाची धार, पावसाची धार. वरून आली, खाली पडली, संपली. मोजून बघितलं तर बल्बच्या आधी अँपिअरमापी जो आकडा दाखवतो तोच नंतरही दाखवतो. आधी ०.२ तर नंतर ०.२. धारा खाल्ली जात नाही.

मग बल्ब काहीच वापरत नाही का? वापरतो, ऊर्जा. आणि हा फरक सांगायला लागणारा शब्द प्रत्येक घरात महिन्याला एकदा येतो : ‘युनिट’. वीजबिलात अँपिअर नसतात, युनिट असतात. हजार वॉटची शेगडी एक तास चालली की एक युनिट. आपण पैसे ऊर्जेचे देतो. बिलाचा कागद वर्गात आणला तर धारा आणि ऊर्जा यांची फारकत तिथंच होते.

धारा संपत नाही तरी ऊर्जा कशी मिळते, याला मला रहाटाचं उदाहरण आवडतं. विहिरीवर गाडग्यांची माळ फिरते. जितकी गाडगी वर येतात तितकीच खाली जातात. गाडगं एकही कमी होत नाही. पाणी मात्र पाटात पडतं. माळ सगळीकडे एकदमच हलते आणि एका जागी तुटली की सगळीच थांबते. हे उदाहरण फार ताणू नये, तारेतले इलेक्ट्रॉन काही ऊर्जेची गाडगी डोक्यावर घेऊन जात नाहीत. पण ‘परिपथ’ या शब्दात ‘परि’ का आहे, ते रहाटानं कळतं. परिपथ हा आपल्या परिभाषेतला मला अतिशय आवडणारा शब्द आहे : फिरून परत येणारी वाट. शब्द चांगला, पण त्याची फोड करून दाखवायला कुणी थांबत नाही. चिन्हांची आकृती काढायला लावतात आणि सेल कुठं, कळ कुठं, याला गुण देतात. बल्बला दोन टोकं असतात, एक तळाचा ठिपका आणि एक बाजूचं धातूचं आवरण, हे आकृतीतल्या गोलाकडे बघून कधीही कळणार नाही. एक सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि एकच तार एवढं हातात द्या आणि ‘पेटव’ म्हणा. आकृतीला पूर्ण गुण घेतलेली किती मुलं अडतात ते बघा.

द्रव्याविषयी थोडक्यात सांगतो. ‘रिकामा पेला’ म्हणतो तेव्हा आपण हवेला हिशेबात धरत नाही. पण त्याच घरात ‘सायकलच्या चाकात हवा भर’ असंही म्हणतो. भरायची वस्तू म्हणजे द्रव्य. या दोन वाक्यांची गाठ घालून द्यायची, बस. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीतली हवा साधारण चाळीस किलो भरते, हे कळलं की मूल पेल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतं. वजनाचंही तसंच. पुस्तक म्हणतं वजन न्यूटनमध्ये मोजायचं, किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक. पोत्यावर छापलेलं असतं, ‘वजन ५० किलो’. मुलाला वाटतं, दोघांपैकी एक खोटं बोलतंय. खरं तर भाजीवाल्याच्या जुन्या तराजूनं वस्तुमानांचीच तुलना होते. चंद्रावर नेला तरी त्यात किलोची जुडी किलोच भरेल. स्प्रिंगचा काटा मात्र सहावा हिस्सा दाखवेल. बाजार चूक नाही, शब्द दोन कामं करतोय. हे सांगायला चार ओळी लागतात.

आता कुणी म्हणेल, पुस्तकं बदलली आहेत. बदलली आहेतच. पाठ्यपुस्तकांत आज रंगीत चित्रं आहेत, ‘करून पहा’ आहे, ‘जरा डोके चालवा’ आहे. हे चांगलं आहे आणि त्यामागं कष्ट आहेत. माझा आक्षेप क्रमाला आहे. ‘करून पहा’ म्हणायच्या आधी ‘काय होईल असं तुला वाटतं, आणि का?’ हे बहुतेक ठिकाणी विचारलेलं नसतं. आणि करून पाहिल्यावर काय दिसायला हवं ते पुढच्याच परिच्छेदात लिहिलेलं असतं. मग प्रयोग म्हणजे सत्यनारायणाची पूजा होते. सगळं यथासांग करायचं, फळ आधीच ठरलेलं. (हशा) मुलानं आपला अंदाज वहीत लिहिला असेल तरच तो चुकल्याचं त्याला टोचेल. टोचल्याशिवाय घरचा अर्थ जागचा हलत नाही.

या दिशेनं काम झालेलंच नाही असं नाही. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. तिथं वि. गो. कुलकर्णींनी महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना भाषेचा अडसर कसा होतो याचा गंभीरपणे विचार केला. त्याच केंद्राची ‘हलकंफुलकं विज्ञान’ ही पुस्तकं मुलांच्या बोलण्याला जागा देतात. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालला. खेड्यांतल्या शाळांत मुलं स्वतः प्रयोग करून, आपल्या शब्दांत निष्कर्ष लिहीत होती. म्हणजे हे जमतं. जमतं, पण मुख्य प्रवाहात येत नाही, हे आपलं दुखणं आहे.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आज पालक काय करतात? मराठी शब्द कठीण म्हणून विज्ञान इंग्रजीतून घेतात. सेमी-इंग्रजीचे वर्ग भरलेले असतात. पुढच्या शिक्षणाची काळजी असते, त्यांना दोष देणं सोपं आहे आणि मी देणार नाही. पण इंग्रजीनं हा प्रश्न सुटत नाही. ‘फोर्स’, ‘वर्क’, ‘पॉवर’ हे इंग्रजीतलेही घरचेच शब्द आहेत आणि ते इंग्रज मुलांना असेच फसवतात. अमेरिकेत हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली बलाच्या कल्पनेवर एक साधी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात सूत्र नाही, आकडेमोड नाही. गणितं सोडवणारी महाविद्यालयीन मुलं तिच्यात अडखळली आणि तिथले प्राध्यापक हादरले. १९९७ साली तिथंच एक माहितीपट आला, त्यात एमआयटीच्या नव्या पदवीधरांना एक सेल, एक बल्ब आणि एक तार देऊन दिवा लावायला सांगितलं, आणि त्यातल्या काहींना तो लावता आला नाही. त्यांची तर मातृभाषाच इंग्रजी!

फरक इतकाच की इंग्रज मुलाचा चुकीचा अर्थ वर्गात ऐकू तरी येतो. तो ‘फोर्स’ म्हणतो तेव्हा शिक्षकाला पकडता येतं. आपल्या मुलाचं ‘बळ’ मात्र वर्गाच्या दाराबाहेर चपलांबरोबर राहतं. आत तो ‘फोर्स’ लिहितो, बाहेर आल्यावर पुन्हा बळ पायांत घालतो. इंग्रजीत गेल्यानं त्याची समजूत सुधारत नाही. ती दिसेनाशी होते. आणि जी दिसत नाही ती दुरुस्त कोण करणार?

म्हणून पुस्तक लिहिणाऱ्यांकडे, शिक्षकांकडे आणि पालकांकडे माझी मागणी लहान आहे. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला एक पान कोरं ठेवा. वर फक्त एवढंच लिहा : हा शब्द तुमच्या घरी कसा वापरतात? मुलांना दहा वाक्यं लिहू द्या. अंगात बळ आलं, अंधार पडला, वीज खाल्ली, पेला रिकामा आहे. विदर्भातली मुलं वेगळी लिहितील, कोकणातली वेगळी, ज्यांच्या घरी मराठी नाही ती आणखी वेगळी. मग धडा शिकवा. धडा संपल्यावर त्या पानावर परत या आणि विचारा : यातलं कुठलं वाक्य विज्ञानाला चालेल, कुठलं नाही, आणि का? न चालणारी वाक्यं खोडू नका. अंधार पडतो असं आपण म्हणत राहणार आहोत, म्हणावंही. तो पडत नाही हे ठाऊक असून म्हणावं, एवढंच.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि प्रश्न विचारताना शब्द घरचेच वापरा.